पाणी चावतं

अपिंग्टनच्या बाहेर, मनुका वाळत घातलेल्या
सिमेंटच्या लांबलचक ओट्यांपलीकडे
कोत्झेबाईंचं सहा खोल्यांचं गेस्टहाउस.
फेब्रुवारीचं ऊन, कुत्रंसुद्धा
सावलीमागून सरकत सरकत दिवस काढतं.

फोनवर बाई म्हणाल्या होत्या :
पंप घुमतो, फिरत नाही.
पाणी हिरवं पडलंय, पाहुणे शनिवारी यायचेत.
आणि फोन ठेवता ठेवता, हसून :
धाकटीचं काहीतरीच, म्हणते पाणी चावतं.

हेन्ड्रिका टायटसने अर्धी कॉफी ओतून दिली.
"सगळ्यांना बाहेर काढा. शिडीला हात लावू नका.
आम्ही निघालो."
तिच्याकडे माझा सातवा आठवडा.
वाटेत म्हणाली, "घुमणारं थांबू शकतं, युजीन.
चावणारं नाही."

मिएके काठापासून दूर, पाय पोटाशी घेऊन बसलेली.
स्टीलच्या शिडीकडे बोट दाखवून म्हणाली,
"तिथे. मुंग्यांसारखं. मी सांगितलं होतं."

हेन्ड्रिकाने पंपाचा खटका पाडला, त्याला कुलूप घातलं,
किल्ली गळ्यात अडकवली.
कुलूप कशाला, मी विचारलं, घरात तर आपणच आहोत.
"घरात आपणच असतो, तेव्हाच
कुणीतरी प्रेमाने खटका वर करतं."

मग टेस्टर. आधी स्वयंपाकघरातल्या चालू प्लगवर,
मग पंपावर, मग परत त्याच प्लगवर.
"मेलेला टेस्टर
सगळ्या जगाला मेलेलंच म्हणतो."

पंपाची डबी उघडली.
सील कुजलेलं, आत मुंग्यांचं वारूळ,
एक पाल वाळून कागद झालेली.
कॅपॅसिटरचं पोट फुगलेलं.
मी हात पुढे केला, तिने मनगट धरलं.
"वीज बंद केली तरी हा धरून ठेवतो.
भांडण संपल्यावरही माणसं धरतात तसं."
रेझिस्टर लावून तिने त्याचा राग उतरवला.
घुमण्याचं कारण मिळालं.

चावण्याचं नव्हतं मिळालं.

मेगर लावला.
काटा उठलाच नाही,
जागेवरच बसून राहिला, लाजल्यासारखा.
मोटार कधीपासून पाण्यात गळत होती.
हिरवी-पिवळी तार कापलेली,
टोकाला टेप. व्यवस्थित. कुणीतरी वेळ काढून केलेलं काम.
आणि मेन बोर्डात, गळती पकडणाऱ्या स्विचला
दोन तारांनी घातलेला वळसा,
गावाबाहेरून काढलेल्या रस्त्यासारखा.

"आमच्या थिओने केलं," कोत्झेबाई म्हणाल्या.
"सारखा पडायचा हो तो खटका.
दोनदा फ्रीजरमधलं मटण गेलं."
आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.
हेन्ड्रिका काही बोलली नाही.
पक्कड घेऊन वळसा काढला, एवढंच,
आणि पंपाच्या तारा सोडवून ठेवल्या.
"नवीन मोटार मंगळवारी. शनिवारी पोहणं नाही."
"पण पाहुणे…"
"त्यांना द्राक्षं खायला घाला."

जाताना तिने मिएकेला स्टुलावर चढवलं.
"हे छोटं बटण. दाब."
खट्.
पंखा थांबला, रेडिओ थांबला,
फ्रीजर उसासा टाकून गप्प झाला.
आतून बाई ओरडल्या. मिएके घाबरली,
आणि मग, पहिल्यांदाच, हसली.
"महिन्यातून एकदा. हे काम तुझं.
पडला नाही तर मला फोन करायचा,
आईने हसण्यावारी नेलं तरी."

रात्री घरी आलो. आई टीव्हीसमोर झोपलेली,
भाऊ अंघोळीला गेलेला,
नळाचा आवाज येत होता.
बोर्डाचं झाकण उघडलं, धूळ फुंकली,
आमचं छोटं बटण दाबलं.

पुन्हा दाबलं.

टीव्ही चालूच.
दिवा चालूच.
भाऊ आत शीळ घालत होता.