पाणसळ

दाराच्या आतल्या बाजूला ओरेस्टने पाणसळ ठोकलीय :
बोटभर नळी, पिवळट पाणी, त्यात एक बुडबुडा.
ऑक्टोबरात युमाला पोचलो तेव्हा
चारही जॅक खाली सोडून, वाळूत पालथा पडून
त्याने तो दोन रेघांच्या मधोमध आणला होता.
तेव्हापासून माझा चहा कपात सरळ उभा राहतो.

आज मार्चची एकोणीस.
पोहण्याच्या हौदाच्या फाटकाला साखळी.
हॉलच्या दारावर कागद : पत्ते बंद, रविवारचे पॅनकेक बंद,
खाली मॅनेजरबाईंची सही
आणि कुणीतरी पेनाने काढलेला रडका चेहरा.
विमा कंपनीचं पत्र आलंय, नऊ ओळींचं.
दहा दिवसांत परता. त्यानंतरचा खोकला तुमचा तुम्ही बघा.
(असं लिहिलेलं नाही. पण बत्तीस वर्षं मी गृहपाठ तपासलेत,
ओळींच्या मधलं मला वाचता येतं.)

इथले लोक आम्हाला हिमपक्षी म्हणतात.
पक्ष्यांचं बरं आहे.
त्यांना वाटेत डिझेल भरावं लागत नाही,
दिवसभरात शंभर हातांनी धरलेली नळी
आपल्या हातात घ्यावी लागत नाही.

नकाशा टेबलावर. ओरेस्ट वितीने मोजतो.
युमा ते सॉल्ट लेक एक वीत,
तिथून सरहद्द आणखी एक,
पुढे मेपल क्रीक, आपलं घर, चार बोटं.
तीन रात्री. त्याचा गुडघा कुरकुरला तर चार.
आयडाहोच्या पुढे बर्फ, पाइप गोठणार,
म्हणजे आपला संडास गेला, आणि रस्त्यावरचे बंद असले तर...
इथे तो थांबतो.
बेचाळीस वर्षांच्या संसारात अशी वाक्यं अर्धीच पुरतात.

राहावं, तर मेमधलं इथलं ऊन
आणि त्याचं इन्सुलिन. बावीस दिवसांचं, दोनदा मोजलंय.
जावं, तर माझा दमा.
जेवताना तो तळ्यात, मी मळ्यात.
भांडी पुसून होईपर्यंत जागा बदललेल्या.

लरिसाचा फोन. मेडिसिन हॅटच्या इस्पितळात तिची रात्रपाळी.
"या," म्हणाली. "किराणा पायरीवर ठेवीन,
काचेतून हात हलवीन. चौदा दिवस दार उघडायचं नाही."
मग बराच वेळ नुसता मास्कमधला श्वास.
मग, "किंवा नका येऊ."
मग, "मला नको ना विचारूस, आई."

संध्याकाळी वेंडेल आला, दहा पावलांवर खुर्ची टाकून बसला.
तू कधी निघणार, मी विचारलं.
"कुठे?" म्हणाला, आणि हसला.
बारा वर्षांपूर्वी ओहायोतलं घर बँकेने नेलं,
चाकांवर आहे तेवढंच आता, आणि तो कुत्रा.
आठ हिवाळे आम्ही शेजारी पत्ते कुटले
आणि मी हे कधी विचारलंच नव्हतं.
जाताना त्याने पायरीवर ग्रेपफ्रूटची पिशवी ठेवली,
मागे सरला,
परत आला, पिशवीची गाठ बाहीने पुसली.

रात्रभर घराची किल्ली आठवत राहिले.
बटणांच्या डब्यात? निळ्या कोटात?

पहाटे जाग आली ती चमच्याने.
टेबलावरून आपला आपण सरकत होता.
मग कप, कालच्या चहासकट. मग नकाशा.
बाहेर घरघर : जॅक वर चालले होते.
मला न विचारता!
खिडकी उघडून ओरडणार, तेवढ्यात पाणसळीकडे नजर गेली.
बुडबुडा दक्षिणेच्या टोकाला जाऊन चिकटलेला.
त्यालाही कुणी विचारलं नव्हतं.

गाऊनवरच बाहेर आले. जेरेनियमच्या दोन्ही कुंड्या
उचलून वेंडेलच्या पायरीशी ठेवल्या,
जिथे हात लागले तिथे साबणाने पुसल्या.
ओरेस्ट वाळूत पालथा. वर न बघता म्हणाला,
"नुसतं बघतोय, अजून चालतात का."
"हो," म्हटलं मी,
आणि सांडलेला चहा पुसायला आत गेले.