लागेल कधीतरी

जुलैतल्या एका धुकट रविवारी
ओतिलियानं दार वाजवलं, हातात मिक्सरचं झाकण.
मिक्सर जळून बारा वर्षं झाली,
मीच तो खाली नेऊन टाकलेला,
दोनशे सोळा पायऱ्या उतरून.
झाकण मात्र राहिलं.
का, तर लागेल कधीतरी.

वालपराइसोच्या आमच्या टेकडीवर गाडी येत नाही.
पत्र्याची घरं एकमेकांच्या खांद्यावर पाय देऊन उभी.
इथली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी पाठीवरून वर आलेली,
म्हणून टाकवत नाही.
टाकली, तर ती चढणही फुकट गेली.

रात्रपाळीची नर्स ती. एकतीस वर्षं
परक्यांच्या उशा सरळ करून सकाळी घरी यायची,
पलंगावरचा कपड्यांचा ढीग खुर्चीवर ठेवून झोपायची,
संध्याकाळी तोच ढीग खुर्चीवरून पलंगावर.
"घर या ढिगाचं आहे, निबाल्दो," म्हणाली,
"मी त्याची पोटभाडेकरू."

मग ठरलं: रोज एक खण, चहा उकळेपर्यंत.
कुलपं हरवलेल्या सात किल्ल्या निघाल्या,
मुदत संपलेली मलमं (नर्सच्या घरी!),
कुठल्याच फोनला न बसणाऱ्या वायरींचं भेंडोळं,
यास्नाच्या शाळेची बिलं. यास्ना आता अंतोफगास्तात
स्वतःच्या पोराची बिलं भरते.

ऑगस्टात एकदा ती फ्रिजसमोर थबकली.
नव्या वर्षाचे अकरा संकल्प तिथे चुंबकाखाली पिवळे पडत होते.
"हेही सामानच की," म्हणाली, आणि पेन शोधलं.
पेन पहिल्या फटक्यात सापडलं,
यावरून काय ते समजा.
इंग्रजी शिकणे: खोडलं. ती हौस बहिणीची.
आठ किलो उतरवणे: डॉक्टरची.
छत रंगवणे: माझ्या नावावर चढवलं, मला न विचारता.
यास्नाला रोज फोन, इथे पेन बराच वेळ अडलं.
मग 'रोज' खोडून तिनं 'रविवारी' लिहिलं,
आणि खाली मान घालून कपबश्या विसळत बसली.
शेवटी एकच ओळ राहिली.
पोहायला शिकणे.

त्रेपन्न वर्षं खिडकीत समुद्र,
आणि बाई घोट्याच्या वर कधी भिजली नाही.

ती सुटसुटीत होत गेली, मी भरत गेलो.
एक काटा नसलेलं घड्याळ माझ्याकडे आलं,
दोन सुरया, दिव्याची वाकडी छत्री, तो वायरींचा गुंताही.
ती म्हणायची, टाकून ये.
मी हो म्हणायचो आणि पहिल्याच वळणावर
माझ्या दारात शिरायचो.

एक खोका तिनंही ठेवला.
वर लिहिलं: अजून ठरत नाही.
आत काय, मी विचारलं नाही.
हलवल्यावर कागदाचा आवाज आला,
आणि काहीतरी लहान, लाकडाचं, घरंगळलं.

फेब्रुवारीत, उन्हाळा सरता सरता,
मी किनाऱ्यावर तिचा टॉवेल, किल्ली
आणि चष्मा सांभाळत बसलो.
आमचा समुद्र भर उन्हाळ्यातही हाडं गोठवतो.
ती आत गेली, शिव्या देत,
मग शिव्या थांबल्या, मी उठून उभा राहिलो,
आणि पाण्यावर तिचे हात दिसले,
वेडेवाकडे, मोजून चौदा.
"किती झाले?" परत येऊन दात वाजवत विचारलं.
मी वीस सांगितलं.
"खोटारडा," म्हणाली, आणि टॉवेल ओढून घेतला.

त्या रात्री मी वाटाण्याचं सूप केलं.
पातेल्याचं झाकण केव्हाच फुटलेलं, म्हणून सूप
तिच्याच एका सुरईत ओतलं,
आणि सहज म्हणून ते मिक्सरचं झाकण वर ठेवून पाहिलं.

बसलं. असं बसलं, जणू मापानंच केलेलं.

तिला सांगायला निघालो, दारापर्यंत गेलोही.
भिंतीपलीकडून तिचं घोरणं ऐकू आलं,
रात्री, चक्क रात्री, आपल्याच पलंगावर.
परत फिरलो.
सांगितलं असतं, तर उद्यापासून
बाई पुन्हा झाकणं जमवायला लागली असती.