जेवढं बदललं तेवढंच

अंबाजोगाईच्या रक्तपेढीत, जिन्याखालच्या खोलीत
सर्व्हर ठेवलाय. पूर्वी तिथे झाडू अन् फिनेल असायचं,
अजून वास आहे.
दाराला कुलूप नाही, कडी आहे
आणि कडीला सुतळीनं बांधलेला पुठ्ठा:
'आत चप्पल घालून येऊ नये.'
कुणी लावला माहीत नाही. मी पाळतो.

जोगदंड मामा बशीत चहा ओतून मागे उभे.
"काय करायलास बा?"
म्हटलं, रोज रात्री अडीचला
नोंदींची नक्कल निघेल, आपोआप, दुसऱ्या डिस्कवर.
"सगळ्या नोंदींची? रोज?"
नाही मामा. पहिल्या रात्री सगळ्या.
पुढे जेवढं बदललं तेवढंच.
"मग मी एकतीस वर्षं काय करायलो?
रजिस्टर रोज पहिल्या पानापासून लिहितो का काय?"
आणि कार्बनचा कागद ट्यूबलाइटसमोर धरून बघितला,
अजून चार पानं निघतील का ते.

क्रॉनमध्ये एक ओळ लिहिली:
तीस, दोन आणि तीन चांदण्या.
चांदण्या म्हणजे कुठलीही तारीख,
कुठलाही महिना, कुठलाही वार.
अवसेलासुद्धा.

जी फाइल बदलली नाही
ती पुन्हा लिहीत नाही हा प्रोग्राम.
जुन्याच फाइलीला आजचं एक नाव देतो.
वस्तू एकच, नावं तीस.
माझी थोरली बहीण धारूरला कुशावर्ता,
सासरी परळीला सुनंदा.
कुठल्याही नावानं हाक मारा, वळून तीच बघते.
शेवटचं नाव पुसलं की मगच फाइल जाते, असा नियम आहे.
धारूरचं नाव घेणारा
आता मी एकटा.

अकरा रात्री लॉगमध्ये 'यशस्वी'.
बाराव्या दिवशी सहज वाकून बघितलं
तर दुसऱ्या डिस्कची वायर लोंबतेय.
फरशी पुसताना कुणीतरी काढली असणार, पहिल्याच दिवशी.
डिस्क नाही म्हटल्यावर
त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरात भरत होता सगळं,
मूळच्याच डिस्कवर.
मूळ आणि नक्कल एका ताटात जेवत होती.

कुणाला सांगितलं नाही. एक ओळ वाढवली:
डिस्क नसेल तर थांब
आणि मला उठव.

मे महिना. बेचाळीस. इन्व्हर्टरनं दुपारीच मान टाकली होती.
चार वाजून दहा मिनिटांनी मूळची डिस्क
खट् खट् करत गेली.
डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी टर्मिनलकडे.
नवी डिस्क लावली, कालची रात्र उलटी ओतली.
पावणेदोन तास लागले,
तेवढ्यात कुणी पंखासुद्धा मागितला नाही.
आलं सगळं. अडीचपर्यंतचं.

अडीच ते चार-दहा मध्ये नऊ पिशव्या होत्या.

मामांनी रजिस्टर उघडलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला.
"ओ निगेटिव्ह. खिल्लारे अर्चना. घाटनांदूर."
मी टाइप करतो.
"बी पॉझिटिव्ह. शेख जिलानी. मोमीनपुरा."
मी टाइप करतो.
मामा एका सुरात वाचतात, बाजारातली यादी वाचावी तसं.
आठ झाली.
नवव्याला बोट थांबलं.
सकाळी मूळ पावती फाटून रुग्णाबरोबर गेलेली,
आणि कार्बन इथे संपत आलेला.
फोनचे आकडे दिसतात, नाव पुसट.
"लाव फोन."

तिकडे मोटारसायकलचा आवाज.
पोरगं घाबरलेलं:
"कामून साहेब? परत द्यावं लागतंय का?"

नाही म्हटलं, दादा.
नुसतं नाव सांग.