सदतीस अंश

रविवारी तार्तू उशिरा उठतं,
पेशींना मात्र सुट्टी नसते.
उणे अठरात पूल ओलांडून मी येते.
खाली नदी गोठलेली, तिच्यावर एक म्हातारा
भोक पाडून माशाची वाट बघत बसलेला.

इन्क्युबेटरचं दार उघडलं की चष्म्यावर वाफ धरते.
सदतीस अंश.
कुणाच्या तरी अंगात हात घातल्यासारखं.

द्रव गुलाबी असेल तर ठीक.
पिवळा पडला तर समजायचं, उपाशी आहेत,
नाहीतर भलत्याच कुणीतरी घर केलंय.
शुक्रवारी माझे तीन फ्लास्क पिवळे निघाले.
तीस वर्षं इथली काच सांभाळणारी हेल्यू
काही बोलली नाही.
ब्लीचची बाटली पुढे सरकवली,
आणि तिच्या डब्यातला काळ्या पावाचा तुकडा.

मग मोजणी.
काचेच्या चौकटींत एक थेंब, थेंबात निळा रंग.
मेलेली पेशी निळा आत घेते, निमूट.
जिवंत घेत नाही.
एवढाच तिचा पुरावा: उंबरठ्यावर रंगाला अडवणं.
डाव्या अंगठ्याने जिवंत, उजव्याने मेलेल्या,
टिक, टिक,
एकशे बारा. नऊ.
आणि एक अर्धवट निळी.
ही कुठे धरायची?
शेजारच्या बाकावरून मायवे म्हणाली,
थांब जरा, तिचं तिला ठरवू दे.

सालुस्तेबाईंनी परवा थायमस शिकवला.
म्हणाल्या, शाळाच समजा.
शंभर आत जातात, दोन-तीन बाहेर पडतात.
ज्यांना आपलं कोण हेच उमगत नाही
त्यांच्याकडे कुणी बघत नाही, त्या तशाच मरतात.
ज्या आपल्यांवरच धावून जातात
त्यांना तिथल्या तिथे संपवतात.
आणि आपण मोठे होत जातो तशी
वर्गावर्गांतून चरबी साचते, शाळा मिटत जाते.
सगळे हसले.
मायवेने हात वर केला:
आणि चुकून पास झालेल्या?

तिचा भाऊ ओत्सो, नऊ वर्षांचा होता तेव्हा,
पंधरा दिवसांत कपडे सैल झाले,
रात्रभर उठून नळाला तोंड लावायचा.
त्यांचं घर हीउमा बेटावर.
डॉक्टरने समजावलं, पोटातही बेटं असतात, बारीक बारीक,
त्याच्याच पेशींनी ती वेचून मारली.
ओत्सोने विचारलं होतं, मी काय केलं त्यांना?

मी मोडक्या एस्टोनियनमध्ये तिला सांगितलं,
आमच्याकडे म्हणतात, कुंपणच शेत खातं.
तिने पिपेटचं टोक काढून टाकलं, नवं बसवलं.
म्हणाली, कुंपणाला शिव्या देऊ नका.
त्याला शेत कुणी नीट दाखवलंच नव्हतं.

सात वाजता तिचा फोन वाजतो, रोजच.
ओत्सो फक्त साखरेचा आकडा सांगतो आणि ठेवतो.
तिच्या हातांत हातमोजे, म्हणून मी लिहून घेतला,
माझ्याच वहीत, एकशे बाराच्या शेजारी:
सहा पूर्णांक चार.

अर्धवट निळीकडे पुन्हा पाहिलं.
अजून तशीच.