दार उघडं आहे

व्होरूच्या लाकूड कारखान्यात
भट्टीशेजारी एक पिवळट पडलेला संगणक.
सत्त्याण्णव सालापासून
बंद म्हणून केलेला नाही.
काळा पडदा, हिरवी अक्षरं,
खिडक्या नाहीत, माउस नाही.

मी तार्तूहून पेनड्राइव्ह घेऊन आले
तर तो घालायला याला तोंडच नाही.
"प्रोग्रॅम कुणाचा?"
"हेल्यूचा," एंडेल म्हणाला
आणि मोजलेल्या फळ्या पुन्हा मोजू लागला.

पाइनला किती तास, बर्चला किती,
कुठल्या ओलाव्याला कुठली झडप,
सगळं तिनं तीनशे ओळींत बसवलेलं.
टीप एकच, एकशे चाळिसाव्या ओळीला:
इथे हात लावू नका,
का चालतं ते मलाही कळलेलं नाही.

नव्या सिस्टीमवर ते चालेना.
आठवडाभर खपून मी सगळं नव्यानं लिहिलं,
रंगीत आलेख, फोनवर सूचना.
(एकशे चाळिसावी ओळ मलाही कळली नाही.)
एंडेलनं चष्मा कपाळावर सारून पाहिलं.
"छान," म्हणाला.
"जुन्याची वीज तेवढी काढू नकोस.
आणि दाराच्या सेन्सरची तार
त्यालाही राहू दे."

हातमोजे विसरले म्हणून परतले
तेव्हा तो भट्टीचं दार वीतभर उघडून उभा होता.
बाहेर उणे अठरा, आत लाकडाची गरम वाफ.
जुन्या पडद्यावर
एकेक अक्षर सावकाश उमटलं:

दार उघडं आहे.
एंडेल, पुन्हा?

"हो गं, लावतो," तो म्हणाला.
लावलं नाही.