भांडी आज तुझी

पडद्यावरचा तो
फुग्यामागं धावतो,
नायकाला माणूस करतो
आणि शेवटाआधी मरतो.
व्हायोलिन. रुमाल.

एफ रांगेत माझा भाऊ श्रीरंग,
बेचाळीसचा,
सुपरमार्केटच्या ट्रॉल्या ओढून थेट आलेला,
मोजे ओले.
"ह्याला कामावर जायचं नसतं का?"
मोठ्यानं.
पुढची बाई वळते, डोळे पुसत,
आणि मघाशी पडद्याला दिलेलं हसू
जसंच्या तसं
त्याला देते.

रॉचडेलच्या थांब्यावर
तो माझ्यावर वैतागलेला :
पॉपकॉर्न खारं का घेतलंस.
सतरा नंबर येते.
पास तोच दाखवतो,
त्यावर सोबती म्हणून मी फुकट.
मी अजून नाक ओढतेय.

"रडू नकोस गं. नट आहे तो,
उठून घरी गेला असेल.
भांडी आज तुझी."