कापलेल्या खोडाचा पत्ता

सावद्याच्या वजनकाट्यावर
प्रोग्राम पावणेदोनला पडला.
भुसावळहून मी पोचलो तेव्हा
पडद्यावर एकच ओळ होती: सेगमेंटेशन फॉल्ट.
खाली कर्सर लुकलुकत होता,
आपला काही संबंध नसल्यासारखा.

बाहेर अकरा ट्रक, दिल्लीच्या वाटेवरचे.
वैशाखात केळी कुणासाठी थांबत नाही,
ताडपत्रीखाली आतल्या आत पिकत जाते.

मुराद तडवी केबिनच्या दारात.
"मेलं ना भो पुन्हा? मले वाटे, ऊन लागलं त्याले."
ऊन नाही, काका.
जिथे जायची मुभा नव्हती तिथे हा शिरला,
रखवालदारानं जागच्या जागी आडवा केला.
"मंग रखवालदारच वाईट म्हन."
नाही. तोच एकटा जागा होता.

कोअर फाइल उघडली, मेल्या क्षणाचा पंचनामा.
कोणी कोणाला हाक मारली,
कोण कोणाच्या पोटात होतं,
सगळ्यात आत पावती छापणारं फंक्शन
आणि त्याच्या मुठीत एक पत्ता:
शून्य, एक्स, पुढे बारा अंक-अक्षरं.
पत्ता दिसायला चोख.
तिथे आता कोण राहतं
हे पत्ता कधीच सांगत नाही.

दोन तास मी नको तिथे खणत बसलो.
चाकांचे खण मोजले, सोळाला सोळा.
ड्रायव्हरांची नावं मापात होती,
कुलवंतसिंग ढिल्लोंसुद्धा मावले होते.
मग दर तिसऱ्या ओळीला
"इथपर्यंत आलो" असं छापायला लावलं,
तर गडी पडेचना.
वैद्य दारात आला की ताप उतरतो, तसलं.

काका स्टोव्हवर चहा ठेवत म्हणाले,
"कोन्ही पावती रद्द केली ना,
अन् तीच गाडी पुन्हा काट्यावर आली,
तव्हाच मरते हे."
आधी का नाही सांगितलं?
"तू इचारलं कव्हा?"

ओळ दोनशे बारा.
रद्द गाडीची जागा मी मोकळी केली होती,
पण 'शेवटची गाडी' म्हणून
तिच्याकडे दाखवणारं बोट
तसंच ताणलेलं राहिलं होतं.
वर माझीच टीप: नंतर बघू.
सहा वर्षांपूर्वीची, दिवाळीच्या आदल्या दिवसाची.

समजा काका, घड उतरवला, खोड कापलं,
आणि मजुराच्या चिठ्ठीत मात्र
अजून तीच ओळ, तेच खोड.
तो जातो. कधी नुसता खड्डा सापडतो.
कधी त्या जागी पील वाढलेलं असतं,
तो त्याचाच घड कापून आणतो
आणि चिठ्ठीवर जुन्या खोडाच्या नावानं लिहितो.

चहा उतू गेला.
"म्हंजे दर खेपेले मरत नाही हे?"
नाही. कधी दुसऱ्याच गाडीचं वजन वाचतं
आणि काही न झाल्यासारखं पुढे जातं.

त्यांनी कपाटावरून वही काढली.
"मले भरोसा नव्हता."
कार्तिकापासूनचं प्रत्येक वजन, निळ्या शाईत,
शेजारी पावतीवर छापलेलं.
नऊ ठिकाणी पेन्सिलीचा गोल.
लीलाधर फेगडे, सुमनबाई झांबरे,
पुन्हा फेगडे, दोन हजार सातशे किलोंनी कमी.
त्या नऊ रात्री प्रोग्राम अगदी धडधाकट होता.

मी बोट शून्याकडे वळवलं,
वापरण्याआधी विचारायला लावलं:
आहेस का तिथे कोणी?
दहा वेळा पावती रद्द केली. उभा राहिला.

फटफटलं तेव्हा पहिला ट्रक चढला.
आकडा थरथरला, मग ठरला.
काकांनी आधी वहीत लिहिला,
मग पावतीशी ताडला.
"जुळलं," म्हणाले,
आणि पुढच्या ट्रकला शिट्टी मारली.

लॅपटॉप पिशवीत घालताना
वही उघडीच होती,
पानावरचे नऊ गोल
माझ्याकडे तोंड करून.